ऑर्गनवाला आणि उंबराचं गाणं

वाजवताना तो माणूस तोंडं फार घाण करायचा. जबडा एका बाजूला, डोळे मिटलेले, जीभ गालात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, याची दाढ दुखतेय. मी तर पहिल्याच दिवशी शेठला विचारलं, "याला दवाखान्यात नेऊ का?" शेठ म्हणाला, "गप बस. तो खूष आहे."

शेठ म्हणजे ज्याच्या वर्कशॉपात मी तीस वर्षं फिटर होतो तो. बोईसरच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं लहानसं वर्कशॉप होतं, व्हॉल्व्ह बनवायचो. शेठचं वय झालं, मुलं परदेशात राहिली, मग त्यानं धंदा बंद केला. खालची मशिनं विकली गेली, वरचा ऑफिसचा हॉल तेवढा राहिला. त्या हॉलात त्यानं क्लब काढला. पस्तीस खुर्च्या, दोन टेबलफॅन, चहा आणि लिंबू सरबत. ज्यांना दुसरं काही लागायचं ते घरून बाटलीत घेऊन यायचे आणि शेठ न बघितल्यासारखं करायचा. दर रविवारी दुपारी चार ते सहा. शेठला तरुणपणापासून या गाण्याचं वेड. गाणं म्हणजे नुसतं वाजवायचं, शब्द नाहीत. तो त्याला जॅझ म्हणायचा. मी सातवी पास माणूस. तो शब्द मला शेठमुळे आला, अर्थ अजून यायचाय.

ऑर्गन मुंबईच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून टेम्पोनं आणला. जिन्यावरून चढवायला सहा माणसं लागली. पेटी-हार्मोनियमसारखं काहीतरी असेल असं मला वाटलेलं. मागची फळी उघडली तर आत माझंच काम. मोटर, लांब शाफ्ट, आणि शाफ्टच्या दोन्ही अंगांना दात्यांची चाकं, नव्वदच्या वर. एकेक चाक एकेक सूर काढतं. तेल वरून घालायचं, मग ते सुताच्या धाग्यांतून थेंबथेंब बेअरिंगपर्यंत उतरतं. हे ज्यानं बनवलं तो आधी फिटर असणार आणि मग गाणारा. त्याच्या जोडीला छातीएवढं एक लाकडी कपाट होतं, त्यात पट्ट्यावर फिरणारा भोंगा. सगळा आवाज त्या भोंग्यातून बाहेर यायचा. भोंगा जोरात फिरवला की आवाज थरथरायचा. शेठ म्हणाला, "हे सगळं तू बघायचं." म्हणून मी त्या क्लबात. नाहीतर माझा काय संबंध?

वाजवणारा वसईकडचा, ख्रिस्ती, ऐंशीच्या पुढचा. सगळे त्याला अंकल म्हणायचे. मी त्याच्याहून आठच वर्षांनी लहान, पण मीही अंकलच म्हणायचो, कारण तो मला नावानं हाक मारत नव्हता. "ए फिटर." बस. माझं नाव त्याला शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

त्याच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट असायचे. तळवे झिजून पापडासारखे पातळ. ते बूट जमिनीला कधी लागले नाहीत. ऑर्गनला खाली पायानं दाबायच्या लाकडी पट्ट्या असतात, जाड सूर त्यांतून येतात, आणि बूट फक्त त्यांच्यासाठी. स्टुलावर बसायचं, चपला काढायच्या, बूट चढवायचे, उतरायच्या आधी बूट काढायचे. एकदा ड्रम वाजवणाऱ्यानं कौतुकानं त्यातला एक उचलून बघितला. हा ड्रमवाला एका कंपनीत बॉयलरवर कामाला, पन्नाशीचा, साधा गृहस्थ. अंकल त्याला म्हणाला, "तुझ्या बायकोचं मंगळसूत्र मी असं उचलून बघतो काय?" त्याच ड्रमवाल्याची लय जरा पळाली की तो वाजवता वाजवता ओरडायचा, "शिफ्टची बस सुटते काय रे तुझी?" पस्तीसच्या पस्तीस माणसं हसायची. बॉयलरवालाही हसायचा, आणि लय जागेवर यायची.

मुंबईत अठरा वर्षं तो एका मोठ्या हॉटेलात वाजवायचा, लोक जेवत असताना. "मी काट्याचमच्यांना साथ केली," म्हणायचा. "एक बाई रोज सूपबरोबर तेच गानं मागायची. मी रोज येगळं वाजवायचो. तिला अठरा वर्षांत कळलं नाय."

कारण एकच गाणं दोनदा सारखं वाजवायचं नाही, हा त्याचा हट्ट. कुणी म्हटलं, "अंकल, गेल्या रविवारसारखं वाजवा," की उत्तर ठरलेलं. "झेरॉक्सचं दुकान स्टेशनसमोर हाय." मोबाईलवर रेकॉर्डिंग तर अजिबात नाही. कुणी मोबाईल वर धरला की हात उचलून बसून राहायचा. फोन खिशात गेल्याशिवाय पुढचा सूर नाही. "वाजलं ते गेलं. आंघोलीचं पानी कोन भरून ठेवतं?"

मला हे खोटं वाटायचं. मशीन चांगलं कधी म्हणायचं? पहिला नग आणि हजारावा नग सारखा निघाला तर. मी हे त्याला सांगितलंही. सहा वाजता क्लब सुटला की आम्ही दोघं बोईसर स्टेशनवर यायचो, एकाच गाडीत बसायचो. मला पुढचंच स्टेशन, उमरोळी. त्याला लांब जायचं. आमचं जे काही बोलणं झालं ते त्या एका स्टेशनात झालं. तो म्हणाला, "फिटर, तू मेल्यावर तुझ्यासारका दुसरा नग बनवायला सांगू काय?" मी म्हटलं, "एक पुरे झाला, असं बायको म्हणते." उमरोळी आली, मी उतरलो.

बायको एकदा आली क्लबात. न सांगता, पदर खोचून, हातात पडवळाची पिशवी. आमची लहानशी वाडी आहे, भाजी होते. दारातच म्हणाली, "नवरा रविवारचा पन घरी दिसत नाय. म्हटलं कोन बाय हाय ती बघून येवं." मी शरमलो. अंकलनं ऑर्गनवर हात ठेवला. "हीच ती. वजनाला जरा जास्त हाय, पन गला चांगला."

ती बसली, तासभर ऐकलं. मग त्यानं तिलाच विचारलं, "कसं वाटलं, बाय?" दुसरी कुणी असती तर छान म्हणाली असती.

"बरं वाजवता," ती म्हणाली. "पन तुमचं गानं म्हंजे नवरी मांडवातून निघाली नि गेली शिरगावचा किल्ला बघायला. ती परत कवा यायची?"

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. "येते गो बाय. फिरून येते. तुमी गाता काय?"

"लग्नांत."

"म्हना मग."

तिनं आढेवेढे घेतले नाहीत. गावात कुठलंही लग्न असो, गाणी म्हणायला हिला बोलावणं असायचं. एक म्हणते आणि मागच्या बायका झेलतात, त्यातली ही पुढची. मांडवासाठी उंबराची फांदी आणतात तेव्हाचं गाणं तिनं म्हटलं. "उंबर आला दारी गो, पाय त्याचे धुवा." आवाज गोड वगैरे नव्हता. जरा फाटका होता, पण वाडीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाईल असा.

म्हाताऱ्याचं तोंड सरळ झालं. म्हणाला, "हे माज्या आयचं." त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. आमच्यात फांदी, त्यांच्यात पाणी. मला हे माहीत नव्हतं. हिला माहीत होतं. दोघं तासभर त्यावरच बोलत बसली, आणि मी पडवळं धरून उभा.

त्यानंतर दर रविवारी तो हे गाणं एकदा वाजवायचा, आणि ती महिन्यातून एकदोनदा तरी यायचीच. तो गाणं कुठच्या कुठं न्यायचा आणि ती खुर्चीवरून हटकायची, "अवो, वाट चुकलात!" तो मान न वळवता म्हणायचा, "चुकलो नाय, वलसा घेतला." लोकांना वाटायचं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मी मागं कपाटापाशी बसून बेअरिंगचा आवाज ऐकत असायचो. खरं तेच सांगतो. गाणं मी ऐकलं नाही, मशीन ऐकलं.

दोन वर्षांपूर्वी गणपती उठल्यावर चार दिवसांनी ती गेली. पोटात गाठ निघाली. कळल्यापासून सात आठवडे. याच्यापुढं त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

दहाव्याला म्हातारा आला. टोपी हातात, ओट्यावर कडेला बसला, पानात वाढलं ते सगळं खाल्लं. लोक काय काय बोलत होते. हा निघताना माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "फिटर, ऑर्गन तेल मागतोय." एवढंच. माझं डोकं फिरलं. मी तीन महिने क्लबाकडे फिरकलो नाही.

मग एका सकाळी वांग्यांना पाणी देत होतो आणि उंबराचं गाणं मनात म्हणायला गेलो. पहिली ओळ आली. दुसरीचे शब्द आले, चाल आली नाही. पाइप तसाच चालू, पाणी रस्त्यावर. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडलो. गावातली लग्नं आता डीजेवर होतात, तिचं गाणं कुणी धरून ठेवलं नव्हतं. पोराच्या लग्नाचा व्हिडिओ आहे, तर त्या व्हिडिओवाल्यानं सगळ्यावर सिनेमाची गाणी चिकटवलेली. तिचे ओठ हलतात आणि आवाज भलतीचा येतो. म्हणजे ते गाणं आता जगात एकाच माणसाकडे उरलं होतं.

त्या रविवारी मी गेलो. तेल घातलं. परतताना गाडीत म्हटलं, "अंकल, एकदा ती म्हणायची तसं वाजवा. जसंच्या तसं."

तो झेरॉक्सचं काही बोलला नाही. उमरोळीला मी उतरायला उठलो तेव्हा म्हणाला, "बघतो."

पुढच्या रविवारी त्यानं सरळ सुरू केलं. तोंडसुद्धा वाकडं नव्हतं. एक ओळ बरी गेली. दुसरीत तो चाचपडला, आणि तिसरीपर्यंत नेहमीसारखा कुठल्या कुठं. मी खुर्ची सरकवून बाहेर गेलो, आवाज होईल अशी सरकवली. स्टेशनवर त्याला म्हटलं, "तुमाला सरळ वाजवताच येत नाय. उगाच मोठेपणा करता."

"खरं हाय," तो म्हणाला.

त्याच्या या खरं हायनं मी जास्त चिडलो. मग मी फिटरचं डोकं चालवलं. चार नादुरुस्त पंपांतून चांगले भाग काढून एक चालू पंप करतात, मी स्वतः किती केलेत. दर रविवारी याच्या वाजवण्यात एखादा तुकडा तरी तिच्यासारखा येत असणारच. चारपाच रविवार चोरून रेकॉर्ड करायचं, चांगले तुकडे काढायचे, शेठच्या ओळखीतल्या कुणाकडून जोडून घ्यायचे. मोबाईल वर धरता येत नव्हता. पण कपाटाची मागची फळी माझ्याशिवाय कुणी उघडत नव्हतं. मी रेकॉर्डिंग चालू करून फोन आत ठेवला, भोंग्याच्या अगदी तोंडाशी. जिथून आवाज निघतो तिथं तो सगळ्यात चांगला मिळेल, असा माझा हिशेब.

उंबराचं गाणं सुरू झालं. मधेच त्यानं भोंगा जोरात सोडला. फळ्या थरथरल्या, फोन सरकला, आणि आतून आवाज यायला लागला. टक, टक, टक, टक. बॉयलरवाल्याला वाटलं आपणच चुकतोय, त्यानं काठ्या उचलल्या. म्हाताऱ्यानं ऑर्गन बंद केला, गाणं अर्धं टाकून. आधी कधी त्यानं असं केलं नव्हतं. बूट काढले, चपला घातल्या, हळूहळू मागं आला आणि फळी उघडली. फोन काढला. त्यावर माझा आणि बायकोचा फोटो आहे, पोराच्या लग्नातला. कुणाचा फोन, हे विचारायची गरज नव्हती.

पस्तीस माणसं बघत होती. मला वाटलं, आता काढेल माझी. त्यानं शेठला सांगितलं, "पट्टा घसरलाय. आज बस झालं." माणसं उठली, खाली गेली. पट्टा जागेवर होता.

मग माझ्यासमोर फोन धरून म्हणाला, "लाव."

मी लावलं. नुसता वारा. फिरत्या भोंग्याच्या तोंडातली हवा, हू हू हू, आणि त्यात कुठंतरी लांब, विहिरीतून आल्यासारखं काहीतरी. आणि शेवटी टक, टक, टक. आम्ही दोघांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"फिटर," तो म्हणाला, "मला पन नाय आठवत."

"काय?"

"ती कशी म्हनायची ते. पयल्या दिवशी तिनं म्हटलं, तेवढं एकदाच नीट ऐकलं. त्याच्यानंतर मी दर रविवारी मागच्या रविवारचं आठवून वाजवलं. त्यात माझी आय शिरली. आता तिचं कुठलं नि आयचं कुठलं, मला येगळं करता येत नाय."

"मग आधी का नाय सांगितलं?"

"तू वाजवा म्हनालास. आठवतं काय, असं कुठं इचारलंस?"

मी खुर्चीवर बसलो. एवढ्या महिन्यांत रडलो नव्हतो. तिथंही रडलो असं नाही. त्यानं टेबलफॅन माझ्याकडे वळवला. मग विचारलं, "तिच्या मागं कोन झेलायचं?"

झेलायच्या दोघी. एक माझी थोरली वहिनी आणि दुसरी शेजारची यमुनाबाय. भिंतीला भिंत लागून दोन घरं, आणि त्यांना विचारायचं मला सुचलं नव्हतं. सुचणार कसं? दुःखाच्या घराला वर्ष होईस्तोवर तिथं लग्नाचं गाणं कुणी म्हणत नाही, आणि माझ्यासमोर तर दोघी तिचं नावही काढत नव्हत्या.

पुढच्या रविवारी म्हातारा उमरोळीला माझ्याबरोबर उतरला. यमुनाबाय म्हणाली, "तुज्या ओट्यावर नाय म्हननार. माज्या मागल्या अंगनात येवा." तिनं सतरंजी टाकली. गुडघ्यांमुळे म्हाताऱ्याला खाली बसता येईना, त्याला पाट्यावर पाट ठेवून दिला. तो तिथं अवघडून बसला आणि वहिनीला वांग्यांचा भाव विचारत राहिला, जणू त्यासाठीच आला होता.

दोघींनी सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीत भांडण.

"अशी नाय गो, ती खाली घ्यायची."

"कुठं खाली? वर घ्यायची. मी काय बहिरी?"

"खाली! त्या टोकाच्या घरच्या लग्नात."

"त्या पोरीला बाप नव्हता म्हनून. बाप नसला की ती खाली घ्यायची, पोरीला रडू येऊ नये म्हनून. आनि सासू खाष्ट असली की चढ्यानं म्हनायची, तिला आईकू जावं म्हनून."

"हां, तसं खरं. घर बघून म्हनायची ती."

म्हणजे जे मी शोधत होतो ते एक असं नव्हतंच. ज्या घरचा मांडव, तशी दुसरी ओळ. म्हाताऱ्याला आता म्हणता आलं असतं, बघ, मी काय सांगत होतो. तो बोलला नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, वांग्याच्या रोपाकडे बघत बसला. त्या माणसाचा सगळा तऱ्हेवाईकपणा मी त्या एका गोष्टीसाठी माफ करतो.

मी विचारलं, "आमच्या पोराच्या लग्नात कशी म्हटली?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. "तुला ठाव नाय?" वहिनी म्हणाली.

"मी जनरेटर बघत होतो. लाइट गेलेली."

"म्हटलंच नाय तिनं," यमुनाबाय म्हणाली. "दोन ओली म्हटल्यान नि तोंडाला पदर लावला. माजा गला चालत नाय म्हनाली. पुढचं आमी म्हटलं. आनि तुला सांगू नको म्हनाली."

"का?"

"तो हसंल म्हनाली."

मी हसलो असतो. खोटं कशाला लिहू? गावभरच्या पोरी वाटेला लावल्यास आणि स्वतःच्या पोराला रडतेस, असं म्हणून हसलो असतो, आणि चार लोकांत सांगितलं असतं.

गाणं सुरू झाल्यापासून म्हातारा पहिल्यांदा बोलला. "बाय, तसंच म्हना. त्या लग्नातलं. ती थांबली तिथं थांबा, नि मंग पुढं."

दोघींनी दोन ओळी म्हटल्या आणि गप्प बसल्या. त्याची गाडी येऊन गेल्याचा आवाज झाला, तो हलला नाही. मग वहिनीनं पुढची ओळ उचलली आणि यमुनाबायनं झेलली. शेवटच्या दोन ओळी मी कधी ऐकल्याच नव्हत्या.

आता तो येत नाही, त्याचे गुडघे पार गेले. शेठनं ऑर्गन चादरीखाली ठेवलाय आणि मी वर्षाचं तेल घालतो. लोक विचारतात, तुला त्या म्हाताऱ्याकडून काय मिळालं? मी सांगतो, उंबराचं गाणं सहा ओळींचं आहे. पन्नास वर्षं ते म्हणणारी माझ्या घरात होती आणि मला ते चारच ओळींचं वाटायचं.